सूक्ष्मदर्शक चालवणारी मुक्त आज्ञावली : गुण, दोष आणि एक राहून गेलेली पट्टी

कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी किती लांब असते, असे वर्गात विचारले तर बहुधा उत्तर येते, ‘खूप लहान, डोळ्यांना न दिसणारी.’ सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून तीच पेशी संगणकाच्या पडद्यावर वीतभर लांब करून दाखवली, तरी या उत्तरात फरक पडत नाही. चित्र मोठे झाले, ज्ञान तेवढेच राहिले. वास्तविक ही पेशी पाव मिलीमीटरच्या आसपास भरते. कंपासपेटीतल्या पट्टीवरील एका मिलीमीटरच्या घरात अशा चार पेशी एकापुढे एक बसतील. हे वाक्य विद्यार्थ्याला स्वतः मोजून म्हणता आले, तर सूक्ष्मदर्शक हे नुसते बघण्याचे साधन न राहता मोजण्याचे साधन झाले, असे म्हणता येईल.

कॅमेरा जोडलेल्या सूक्ष्मदर्शकासाठी संगणकावर कोणती आज्ञावली वापरावी, या प्रश्नाकडे आपण याच दृष्टीने पाहणार आहोत. जगभरच्या संशोधन प्रयोगशाळांत रुळलेली ‘मायक्रो-मॅनेजर’ ही आज्ञावली विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता कोणालाही वाचण्यासाठी खुली आहे. ‘फुकट आहे, मग आपल्याकडेही बसवून टाकू’ असा सल्ला म्हणूनच सहज दिला जातो. तो वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या प्रयोगशाळेत कितपत उपयोगी पडेल, हे तपासून पाहिले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ साली नीती आयोगाने ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी केली, तीत त्याचे नाव आले. अशा ठिकाणी उपकरण बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस नागपूर-पुण्याहून यायचा असतो. तेव्हा आज्ञावली कशी चालते यापेक्षा ती अडली तर आपल्याला सोडवता येते का, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

आज्ञावली कशासाठी जन्मली?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन व्हेल यांची प्रयोगशाळा होती. पेशीच्या आत माल वाहून नेणाऱ्या ‘कायनेसिन’ या प्रथिनाच्या शोधासाठी व्हेल प्रसिद्ध आहेत. भारतीय जीवशास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या ‘इंडिया-बायोसायन्स’ या उपक्रमाच्या उभारणीतही त्यांचा वाटा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत २००५ साली मायक्रो-मॅनेजरचे काम सुरू झाले. निको स्टुर्मन आणि नेनाद अमोदाय ही या कामातील प्रमुख नावे.

त्यांच्यापुढची अडचण समजून घेण्याजोगी आहे. संशोधनासाठीचा सूक्ष्मदर्शक म्हणजे एक यंत्र नसते, यंत्रांचे कुटुंब असते. कॅमेरा एका कंपनीचा, काचपट्टी सरकवणारा मंच दुसऱ्या कंपनीचा, प्रकाश अडवणारी झडप तिसऱ्या कंपनीची, रंगीत गाळण्यांचे चाक चौथ्या कंपनीचे. प्रत्येकाची भाषा निराळी आणि प्रत्येक कंपनीची आज्ञावली आपल्याच यंत्राशी बोलणारी. सगळ्यांशी बोलणारी आज्ञावली मिळे, पण ती महाग असे आणि तिच्या आत काय चालले आहे हे वापरणाऱ्याला कळण्याची सोय नसे.

मायक्रो-मॅनेजरने यावर तीन थरांची रचना केली. सर्वांत खाली प्रत्येक यंत्रासाठी एक छोटा ‘उपकरण-दुवा’. हा त्या यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी. मधल्या थरात गाभा. त्याला कंपन्यांची नावे ठाऊक नसतात. त्याला फक्त ‘कॅमेरा’, ‘झडप’, ‘मंच’ एवढ्याच जाती कळतात. सर्वांत वर आपल्याला दिसणारा पडदा, त्यावरची बटणे आणि रकाने. उद्या कॅमेरा बदलला तर फक्त खालचा दुभाषी बदलायचा, वरचे सारे तसेच राहते. पोस्टाच्या पेटीत टाकलेले पाकीट पुढे एस.टी.ने जाते की रेल्वेने, याची काळजी पत्र लिहिणाऱ्याने करायची नसते, तसाच हा प्रकार. चित्रे दाखवण्याचे आणि मोजण्याचे काम तिने स्वतः नव्याने रचले नाही. वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार केलेल्या ‘इमेज-जे’ या तितक्याच मुक्त आज्ञावलीचा आधार घेतला.

ही रचना अतिशय चांगली आहे. विज्ञानात वर्गीकरणाचा उपयोग काय, हे संगणकाच्या क्षेत्रातून दाखवायचे असेल तर बारावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे.

बसवण्याची वाट

आज्ञावली उतरवून घेणे आणि संगणकावर बसवणे हे काम तसे दहा-पंधरा मिनिटांचे. अडचण पुढे येते, आणि ती बहुधा क्रम चुकल्यामुळे येते. मायक्रो-मॅनेजर कॅमेऱ्याशी थेट बोलत नाही. ती कॅमेऱ्याच्या कंपनीने दिलेल्या ‘ड्रायव्हर’मार्फत बोलते. म्हणून प्रथम ड्रायव्हर बसवावा, मग कंपनीच्याच साध्या आज्ञावलीत चित्र दिसते का ते पाहावे, ती आज्ञावली पूर्ण बंद करावी आणि त्यानंतरच मायक्रो-मॅनेजर उघडावी. एकाच वेळी दोन आज्ञावल्यांनी कॅमेऱ्यावर हक्क सांगितला, तर दुसरीला बहुतेक वेळा नकार मिळतो.

येथे पहिला दोष नोंदवला पाहिजे. असा नकार मिळाल्यावर पडद्यावर येणारा संदेश प्रोग्रामरला समजेल असा असतो, शिक्षकाला समजेल असा नसतो. कॅमेरा सापडला नाही, ड्रायव्हरची आवृत्ती जुळली नाही की दुसरी आज्ञावली उघडी राहिली, हे त्यातून स्पष्ट होतेच असे नाही. शंका विचारायला जाणकार जवळ असेल तर हा दोष किरकोळ वाटेल. तालुक्याच्या गावी मात्र एवढ्यावरून उपकरण कपाटात जाऊ शकते.

दुसरा दोष आवृत्त्यांचा. या आज्ञावलीची नवी बांधणी जवळजवळ रोज प्रसिद्ध होत आली आहे. संशोधकाला ही चांगली सोय आहे, कारण कालचा दोष आज दुरुस्त झालेला मिळतो. शिक्षकाला मात्र ‘यातली कोणती घेऊ?’ असा प्रश्न पडतो. शिवाय आताच्या २.० मालिकेचा विंडोजसाठीचा संच ६४-बिट संगणकांसाठी आहे. प्रयोगशाळेला वाट्याला येणारा संगणक बहुधा कार्यालयातून उतरलेला असतो, त्यामुळे ही गोष्ट आधी तपासावी. यावर उपाय साधा आहे. जी बांधणी आपल्याकडे एकदा नीट चालली तीच ठेवावी. तिचा संच, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आणि पुढे ज्या फाईलविषयी बोलणार आहोत ती फाईल, अशी तिन्ही एका पेनड्राईव्हवर घालून तो प्रयोगशाळेच्या साठा-नोंदवहीत चढवावा.

जुळवणीच्या सहा पायऱ्या

बसवणे झाले की जुळवणी. आपल्या टेबलावर कोणकोणती यंत्रे आहेत हे आज्ञावलीला सांगणे, म्हणजे जुळवणी. त्यासाठी एक मार्गदर्शक खिडकी उघडते आणि सहा पायऱ्यांनी आपल्याला पुढे नेते. पहिल्या पायरीत जुनी जुळवणी घ्यायची की नवी करायची ते ठरवायचे. दुसरीत यादीतून आपली यंत्रे निवडायची. तिसरीत मुख्य कॅमेरा, मुख्य झडप वगैरे नेमायचे आणि छायाचित्र घेताना झडप आपोआप उघडावी का, ते सांगायचे. चौथीत, काम पूर्ण झाल्याचे जी यंत्रे स्वतः कळवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी किती वेळ थांबायचे ते लिहायचे. पाचवीत फिरत्या भागांच्या जागांना नावे द्यायची. सहावीत सारे एका फाईलमध्ये साठवायचे.

या पायऱ्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. चौथ्या पायरीतून एक मोलाची गोष्ट शिकवता येते. गाळण्यांचे चाक फिरायला समजा पाव सेकंद लागतो. संगणकाला पाव सेकंद हा फार मोठा काळ. त्याने न थांबता छायाचित्र घेतले तर चाक अर्ध्या वाटेवर असताना चित्र निघेल आणि ते चुकीचे असूनही बरोबर वाटेल. यंत्राला हुकूम देणे आणि हुकूम पाळला गेला हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

पण या आज्ञावलीची सर्वांत मोठी देणगी सहाव्या पायरीत आहे. जुळवणीची फाईल ही साधी मजकुराची फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडता येते, वाचता येते, छापता येते. एका ओळीत एक विधान : अमुक नावाचा कॅमेरा, अमुक दुव्यामार्फत. अमुक यंत्रासाठी इतके मिलिसेकंद थांबा. अमुक जागेचे नाव हे. म्हणजे आपल्या सूक्ष्मदर्शकाचे संपूर्ण वर्णन दोन-चार पानांत कागदावर येते.

याचे महत्त्व जिल्हा परिषदेच्या शाळेत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. शिक्षकांची बदली होते. ज्यांनी उपकरण मागवले, हाताळले, त्याच्या खोडी ओळखल्या, ते दुसऱ्या तालुक्यात जातात आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही जाते. मागे राहते ती प्लास्टिकच्या आवरणाखाली ठेवलेली वस्तू. कंपनीच्या बंद आज्ञावलीत ही सगळी जुळवणी कोठे दडलेली असते हे नव्या माणसाला कळत नाही, आणि जुना संगणक बंद पडला तर ती त्याच्याबरोबर नाहीशी होते. मायक्रो-मॅनेजरची फाईल छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावता येते. ‘मुक्त’ या शब्दाचा आपल्यासारख्यांना सर्वांत जवळचा अर्थ हाच आहे. मूळ संहिता वाचणारे फार थोडे, पण ही फाईल कोणीही शिक्षक वाचू शकेल.

यंत्राशिवाय सराव

आज्ञावलीबरोबर एक नमुना-जुळवणी येते. तिच्यातली सर्व यंत्रे काल्पनिक असतात : काल्पनिक कॅमेरा, काल्पनिक मंच, काल्पनिक वस्तुभिंगे, काल्पनिक झडप. सूक्ष्मदर्शक नसलेल्या संगणकावरही ती चालते. कॅमेरा एक कृत्रिम चित्र दाखवतो. प्रकाशनकाळ बदलणे, मंच सरकवणे, ठरावीक अंतराने छायाचित्रांची मालिका घेणे, हे सारे करून पाहता येते, आणि काही मोडण्याची भीती नसते.

ही सोय संशोधकांनी बहुधा स्वतःच्या चाचण्यांसाठी ठेवली असावी. पण शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने आज्ञावलीचा हाच भाग सर्वांत उपयोगी आहे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक-कक्ष आहे पण यांत्रिक सूक्ष्मदर्शक नाही, तेथील विद्यार्थ्यालाही संशोधन प्रयोगशाळेतील कामाची पद्धत यातून समजते. पुढे तो पुण्या-मुंबईच्या संस्थेत गेला तर त्याला तो पडदा अनोळखी वाटणार नाही.

एक पायरी पुढे जायचे असेल तर ‘अर्डिनो’ या छोट्या नियंत्रक-पाटीचा उपयोग होतो. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतील शाळांना ती ओळखीची आहे. मायक्रो-मॅनेजरमध्ये तिच्यासाठी तयार दुवा आहे. पाटीवर एक छोटा कार्यक्रम चढवायचा, मग ८ ते १३ क्रमांकांच्या टोकांवरून आज्ञावली विजेचे संकेत देऊ शकते. अशा एका टोकाला योग्य रोध लावून एल.ई.डी. जोडला आणि तो सूक्ष्मदर्शकाच्या आरशाखाली ठेवला, की छायाचित्र घेण्यापुरताच दिवा लागतो. ही झाली घरची झडप. नववी-दहावीच्या मुलांनी करावा असा हा प्रकल्प आहे.

राहून गेलेली पट्टी

आता मुख्य आक्षेप. वर सांगितलेल्या सहा पायऱ्या पुन्हा वाचून पाहाव्यात. त्यांत आज्ञावली आपल्याला पुष्कळ काही विचारते, पण एक गोष्ट विचारत नाही : चित्रातला एक बिंदू, म्हणजे एक पिक्सेल, प्रत्यक्षात किती मायक्रोमीटरचा आहे? ही नोंद करण्याची सोय आज्ञावलीत आहे, परंतु ती जुळवणीच्या खिडकीत नसून मेनूमध्ये वेगळ्या ठिकाणी आहे. सहा पायऱ्या चढून ‘झाले’ म्हणणाऱ्याला ती आहे हे कळतही नाही. अशा वेळी चित्राबरोबर साठवल्या जाणाऱ्या माहितीत पिक्सेलचे माप शून्य असे नोंदले जाते.

संशोधक ही नोंद करतोच, त्याला मापाशिवाय निबंध छापता येत नाही. शिक्षकाला मात्र चित्र दिसले की काम झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. मग आपण पुन्हा वीतभर मोठ्या, पण माप नसलेल्या कांद्याच्या पेशीपाशी येऊन थांबतो. लेखाच्या सुरुवातीला धरलेल्या कसोटीवर ही त्रुटी सर्वांत गंभीर आहे.

हे माप काढण्याची रीत अवघड नाही. एक मिलीमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी बाजारात मिळते. तिचा प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. ती १०x वस्तुभिंगाखाली ठेवून छायाचित्र घ्यावे. समजा १० भागांचे, म्हणजे १०० मायक्रोमीटरचे, अंतर २९० पिक्सेल भरले. तर एक पिक्सेल = १०० ÷ २९० = ०.३४५ मायक्रोमीटर. अशी पट्टी नसेल तर रक्तपेशी मोजण्याची न्यूबावर काचपट्टी चालेल. तिच्या मधल्या एक मिलीमीटरच्या चौकोनातील सर्वांत लहान घराची बाजू ०.०५ मिलीमीटर, म्हणजे ५० मायक्रोमीटर असते. गावातल्या रोगनिदान प्रयोगशाळेत ती सहज पाहायला मिळते. मात्र ती जाड असल्याने १०x पर्यंतच वापरावी.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील पिक्सेलचे माप घेऊन त्याला वस्तुभिंगाच्या वर्धनाने भागले की झाले, असे काहींना वाटेल. ३.४५ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा आणि १०x भिंग यांचा भागाकार ०.३४५ येतो हे खरे. पण नेत्रिकेच्या जागी बसवायच्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा मध्ये आणखी एक लहान भिंग असते आणि मग हा हिशोब चुकतो. म्हणून मोजलेलेच माप धरावे.

आता एक स्थानिक उदाहरण घेऊ. वाशिम जिल्ह्यात सोयाबीनला तोटा नाही. सोयाबीनच्या पानाच्या खालच्या बाजूस नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावावा. पर्णरंध्रांचा ठसा उमटलेला दिसतो. १०x भिंगाखाली एखादी रक्षक पेशी ७० पिक्सेल लांब भरली, तर तिची लांबी ७० × ०.३४५ = सुमारे २४ मायक्रोमीटर. आता भिंग फिरवून ४०x केले. तीच पेशी २८० पिक्सेल दिसेल. पण आज्ञावलीत १०x चेच माप राहिले असेल तर उत्तर येईल ९७ मायक्रोमीटर. पेशी चौपट वाढली! आपल्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग हाताने फिरवले जाते, त्यामुळे ते फिरवले हे संगणकाला कळण्याचा मार्गच नाही. आज्ञावली अशा वेळी सावधही करत नाही.

यातून वाट काढता येते आणि ती आज्ञावलीच्या मोकळेपणामुळेच शक्य होते. जुळवणी करताना खऱ्या कॅमेऱ्याबरोबर नमुना-यंत्रांतील काल्पनिक वस्तुभिंग-चक्र यादीत घ्यावे. पाचव्या पायरीत त्याच्या जागांना आपल्या भिंगांची नावे द्यावीत : ४x, १०x, ४०x. मग मापाच्या नोंदीत प्रत्येक नावापुढे त्याचे मोजलेले माप लिहावे. आता विद्यार्थ्याने हाताने भिंग फिरवले की पडद्यावरही तेच नाव निवडायचे, एवढी एक शिस्त राहते. खरे चक्र काल्पनिक चक्राला जोडणारा दुवा म्हणजे विद्यार्थी स्वतः. प्रत्येक चित्राबरोबर भिंगाचे नाव आणि माप आपोआप साठवले जाते, त्यामुळे नंतर तपासणीही करता येते.

‘मुक्त’ किती मुक्त?

मूळ संहिता खुली असली तरी सगळेच दुवे खुले नाहीत. काही कंपन्यांनी आपल्या यंत्राची भाषा गुप्त ठेवण्याच्या अटीवरच कळवली, त्यामुळे ते दुवे वापरता येतात पण त्यांची संहिता वाचता येत नाही. हा दोष आज्ञावली करणाऱ्यांचा म्हणता येणार नाही, परंतु वापरणाऱ्याला तो ठाऊक असावा.

आपल्या दृष्टीने मोठी अडचण वेगळी आहे. आधार मिळालेल्या यंत्रांची यादी लांबलचक आहे, पण ती मुख्यतः संशोधनाच्या महाग यंत्रांची आहे. शाळेच्या ऐपतीतला नेत्रिका-कॅमेरा त्या यादीत असेलच असे नाही. सामान्य वेबकॅमेऱ्यांसाठी ‘ओपन-सीव्ही’वर आधारलेला एक दुवा आहे, त्याने चित्र मिळू शकते, तथापि कॅमेऱ्याचे सर्व गुणधर्म हाती येतील असे धरू नये. कॅमेरा प्रकाशनकाळ स्वतःच कमी-जास्त करत राहिला, तर दोन चित्रांच्या उजेडाची तुलना करण्यात अर्थ राहत नाही. लांबी मात्र तरीही मोजता येते. तेव्हा कॅमेरा विकत घेण्यापूर्वी ही यादी पाहावी. किती मेगापिक्सेल, हा प्रश्न त्यानंतरचा. १०x, ०.२५ छिद्रांकाचे भिंग हिरव्या उजेडात सुमारे १.१ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. पिक्सेल कितीही वाढवले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

भाषेचाही प्रश्न आहेच. पडद्यावरचे शब्द आणि मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत, आणि मार्गदर्शिका लिहिताना समोर प्रशिक्षित संशोधक आहे असे धरलेले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त आज्ञावल्यांचे धडे ध्वनि-चित्रफितींतून देतो. पडदा इंग्रजीच ठेवायचा आणि समजावणे मराठीसह भारतीय भाषांत करायचे, ही त्याची रीत. सूक्ष्मदर्शक-जुळवणीसाठी हीच रीत योग्य ठरेल.

आणखी एक व्यावहारिक सूचना. दही लागताना किंवा बुरशी वाढताना दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेण्याची मालिका लावता येते. पण त्या वेळी चित्रे साठवण्याची खूण केली नसेल, तर ती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतात. मध्येच वीज गेली की तीन तासांचे काम गेले. ज्या भागात वीज जाणे नित्याचे आहे, तेथे ही खूण आधी करावी आणि मगच मालिका सुरू करावी.

मग निवाडा काय?

ज्या शाळेत हाताने चालवायचा सूक्ष्मदर्शक आणि एक साधा कॅमेरा एवढेच आहे, तिने मायक्रो-मॅनेजरच्या मागे लागू नये. संगणकाने चालवावे असे तेथे काही नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या आज्ञावलीने छायाचित्र घ्यावे आणि इमेज-जेमध्ये उघडून मोजावे. त्यात ‘सेट स्केल’ या आज्ञेने मोजपट्टीवरचे अंतर एकदा सांगितले की पुढची लांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. भिंग बदलले की माप बदलण्याची शिस्त येथेही पाळावी लागेलच.

ज्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक-कक्ष आहे, त्याने मायक्रो-मॅनेजर जरूर बसवावी, पण नमुना-जुळवणीसाठी आणि अर्डिनोच्या प्रकल्पासाठी. आणि ज्या महाविद्यालयाच्या विभागाकडे चांगला कॅमेरा, यांत्रिक मंच किंवा झडप आहे, त्याने ती गंभीरपणे स्वीकारावी. तेथे तिच्या तोडीचे विनामूल्य साधन सापडणे कठीण आहे.

कोणी म्हणेल, ग्रामीण भागातील मुलांना मायक्रोमीटरचा हिशोब कशाला? २०२० च्या जून महिन्यात शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तर्कवितर्क पुष्कळ झाले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ गटातील सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. लोणारचे पाणी पुण्याला न्यावे लागले यात कमीपणा काही नाही, नेमकी ओळख पटवायला तशीच प्रयोगशाळा लागते. पण पाण्याच्या थेंबात काही आहे का, त्याचा आकार कसा, लांबी किती, आज आणि महिन्याने त्यात फरक काय, एवढ्या नोंदी ठेवणे वाशिमच्या महाविद्यालयाला अशक्य नाही. त्यासाठी चित्राला माप हवे आणि माप कसे काढले याची नोंद हवी. मायक्रो-मॅनेजर या दोन्ही गोष्टी देऊ शकते, मात्र पहिली तिच्याकडून मागून घ्यावी लागते.

म्हणून ज्यांना ही आज्ञावली बसवायची आहे त्यांनी जुळवणीच्या सहा पायऱ्यांना सातवी पायरी स्वतः जोडावी. प्रत्येक भिंगासाठी मोजपट्टीचे छायाचित्र घ्यावे, पिक्सेलचे माप काढून नोंदवावे, आणि जुळवणीची फाईल व ही मापे छापून सूक्ष्मदर्शकाशेजारच्या भिंतीवर लावावीत. खाली तारीख लिहावी. कॅमेरा काढून पुन्हा बसवला, तर मापे पुन्हा घ्यावीत आणि नवी तारीख घालावी.